दाराखालची फट

नोव्हेंबर सरता सरता डुलुथमध्ये
सरोवराच्या कडांना साय धरू लागते,
तेव्हा लुओमा आला. पासष्टीचा,
गुडघ्यांना रबरी ढाली, बुटांवर निळ्या पिशव्या.

म्हटलं, खाली सत्तर आणि पोरीच्या खोलीत अठ्ठावन्न.
नवी भट्टी घ्यावी लागेल का?
उत्तर न देता तो तळघरात उतरला.
पत्र्याच्या नळांवर हात फिरवत राहिला,
गाभण म्हशीच्या पोटावर फिरवावा तसा.

सांध्यासांध्यातून गळणारी ऊब
आजवर कोळ्यांना मिळत होती.
मी कधीतरी गुंडाळलेली चंदेरी पट्टी
सापाच्या कातीसारखी लोंबत होती.
'डक्ट टेप,' मी म्हणालो, जरा अभिमानानंच.
'हिच्यानं जगात सगळं चिकटतं,' तो म्हणाला,
'डक्ट सोडून.'
मग डब्यातला राखाडी लेप घेऊन लिंपत बसला.
आमची काकू चुलीला पोतेरं घालायची
तोच हात, तसाच न बघता.

फिल्टर निघाला तो गोधडी होऊन:
कुत्र्याचे केस, पोळ्यांचं पीठ,
तीन हिवाळ्यांची आमची कातडी.
एका वळणाशी झडप आडवी पडलेली.
मागच्या मालकानं का मिटली, कोण जाणे.
ती त्यानं उभी केली. घर खोकलं.

वर तिचं दार बंद. असतंच.
पंधरावं लागल्यापासून ऋजुता
आमच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही.
'कानात वारं शिरलंय,' माझी आई फोनवर हसते,
तिला काय जातंय हसायला.
मी बाहेरून: दार उघडं ठेव, ऊब आत येईल.
ती आतून: ऊब येत नाही म्हणून तर बंद ठेवते!
दोघांचंही खरं असेल
हे या घरात कुणाला सुचलं नव्हतं.

लुओमानं एक टिश्यू पेपर काढून
तिच्या खोलीतल्या जाळीपुढे धरला.
दार बंद: कागद मेलेला.
उघडं: फडफडला.
बंद. उघडं. पुन्हा बंद.
ऋजुता पलंगावरून बघत होती,
एका कानातलं बोंडूक काढून.

'ही खोली भरलेली आहे,' तो म्हणाला,
माझ्याशी नाही, तिच्याशी.
'शिळी हवा निघून जाईल तेव्हा ताजी येईल.
तिला परतायला वाट नाही.'

वाटलं, आता भिंत फोडतो.
त्यानं बिजागऱ्यांच्या खिळी उपसल्या,
दार खांद्यावर घेऊन गॅरेजमध्ये नेलं,
दोन घोडक्यांवर आडवं टाकलं
आणि खालून पाऊण इंच कापलं.
पाऊण इंच म्हणजे माझ्या अंगठ्याची रुंदी.
भुसा सगळा माझ्या मोज्यांवर.

बिल दोनशे चाळीस. भट्टी जुनीच.

त्या रात्री फटीतून उजेडाची पट्टी बाहेर आली
आणि दहाच मिनिटांत टॉवेल,
आतून कोंबलेला.
बायकोनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.
दुसऱ्या दिवशी टॉवेल. तिसऱ्या दिवशीही.
मग मी बघायचं सोडलं,
म्हणजे बघत होतो, पण चालता चालता.

जानेवारीत पारा उणे एकोणतीसवर गेला.
मागची झाडं बंदुकीसारखी तडकत होती.
रात्री दोनला पाणी प्यायला उठलो,
तर दाराखाली टॉवेल नव्हता.
मी, पन्नाशीचा माणूस, गालिच्यावर पालथा झालो
आणि खिशातला टिश्यू पेपर फटीशी धरला.

थरथरला.
माझ्या दिशेनं.

तिची वापरून झालेली हवा,
थोडी नेलपॉलिशची, थोडी संत्र्याच्या सालीची,
तोंडावर येत राहिली. मी पडून राहिलो.

आत पलंग कुरकुरला.
'बाबा,' ती म्हणाली, 'सरका.
हवा अडवताय.'