धंदा: फेरीमन

चिकोडीच्या कचेरीत तो फॉर्म मीच भरला.
इंग्रजीतच पाहिजे, वरून आलं होतं.
नाव: सातलिंग अंबी. गाव: कल्लोळ.
धंद्याच्या रकान्यापाशी पेन अडलं.

अलीकडं नावाडी, पलीकडं यडूरला अंबिग,
पाणी चढलं की दोन्ही काठांना नुसता
'ओ मामाऽ'.
मी लिहिलं: फेरीमन.

"म्हंजे काय वो?"
नाव चालवणारा.
"फेरी कळली. जायचं, यायचं. अन् मन?"
मन म्हणजे माणूस, त्यांच्यात.
बोटावरचा चुना धोतराला पुसत तो हसला.
"बराबर हाय की.
माणूस उतरून जातंय पल्याड,
मोकळ्या नावंतनं परत येतंय ते मनच."

पुढं बंधारा झाला.
मोटारसायकली त्यावरनं सुटल्या.
नाव करंजाखाली पालथी,
तिच्याखाली कोंबडी अंड्यांवर बसायची.
कार्ड मात्र त्यानं लॅमिनेशन करून ठेवलं,
देवळीत, भंडाऱ्याच्या डबीशेजारी.

यंदा श्रावणात बंधारा बुडाला,
पलीकडं एक पोटुशी बाई अडली.
रात्री दोनच्या सुमाराला हाळी आली,
कानडी नाही, मराठी नाही,
नुसती लांबलेली, पाण्यावरनं घसरत.
त्यानं कोंबडी उचलून बाजूला ठेवली.

चार दिवसांनी कचेरीत आला,
गुडघ्यापर्यंत गाळ वाळलेला.
"साहेब, हाळी देणाऱ्याला
काय म्हणत्यात वो इंग्रजीत?"

मी फॉर्म उलटसुलट पाहिला.
रकानाच नव्हता तसा.