मधला पॅसेज

आमच्या घरात एक पॅसेज आहे, अकरा पावलांचा,
खिडकी नसलेला.
नकाशात त्याला नाव नव्हतं, नुसत्या दोन रेघा.
चार दारं त्यात उघडतात
आणि बहुतेक वेळ बंदच असतात.

चौकटी सागवानी.
कमरेएवढ्या उंचीवर भिंतीभर फिरलेली वीतभर पट्टी,
तीही सागवानी, आधीच्या मालकाची हौस.
तो वनखात्यात होता म्हणतात.
त्यापुढचं त्रिमूर्तीनगरात कोणी बोलत नाही.

शाल्मली पुण्याहून म्हणाली, पांढरा दे आई,
लाकडालाही पांढराच ऑइलपेंट मार, मोकळं वाटेल.
श्रीरंगला विचारलं.
नावात रंग असलेला हा माणूस
तेवीस वर्षं जांभळ्याला निळा म्हणत आलाय.
"तुला आवडेल तो," म्हणाला,
म्हणजे नंतर नावं ठेवायला मोकळा.

डोमाजी पेंटर शेडकार्ड ठेवून गेले.
बदामी पहाट. वाळूची कुजबुज. मोतिया आठवण.
शेकडो रंग,
आणि त्यातल्या एकालाही सरळ मळकट म्हणायची
कोणाची छाती झाली नाही.

तीन नमुने लावले, वहीच्या पानाएवढे.
पांढरा रात्रीतून राखाडी झाला,
दवाखान्यातल्या पडद्यासारखा.
पिवळ्याला ट्यूबलाइटखाली कावीळ.
आणि मोतिया, ज्याच्यावर माझी सगळी भिस्त होती,
सागवानाशेजारी अवघडून उभा,
सासरी पहिल्यांदा जेवायला आलेल्या जावयासारखा.

सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं,
रात्री पाणी प्यायला उठले तेव्हाही पाहिलं.
श्रीरंग म्हणाला, भिंत पळून जाणार नाहीये.

डोमाजींनी ओल्या फडक्यानं चौकट पुसली, एकाच जागी.
लाकूड लाल झालं,
आतून कोणी कंदील फिरवावा तसं,
मग वाळत वाळत पुन्हा गप्प.
"बाई, पांढरा देल्ला तं हे काळं दिसन.
अंधाराशी कायले भांडता?
भिंतीले जराशी मंद ठेवा,
लाकूड उजेड देते."

मंद म्हणजे कोणता, ते त्यांना सांगता येईना.
हवेतच हात फिरवत राहिले,
जणू तिथे भिंत आहे आणि ती त्यांना दिसते आहे.

मग शेडकार्ड पिशवीत टाकून
गोकुळपेठेत भाजीला गेले.
पडवळाला लावून पाहिलं, वालाच्या शेंगांना,
कोबीच्या आतल्या पानाला.
"भाजी घ्याची आहे का ब्लाउजपीस?"
भाजीवालीनं विचारलं.
तिच्या पुढ्यात अर्धा कापलेला दुधी.
सालीच्या आत, गराच्या आधी,
एक हिरवा असतो
जो स्वतःला हिरवा म्हणवून घेत नाही.
कार्डावर त्याचा नंबर होता चारशे सतरा.
दुधी घ्यावा लागला.
भाजी मी एकटीनंच खाल्ली, दोन दिवस.

एप्रिल संपता संपता दोन हात झाले.
पट्टीवर डोमाजींनी रंगाचा थेंब पडू दिला नाही,
बोटानं कड धरून
अकरा पावलं जाऊन आले, ब्रश न उचलता.
मीटरच्या बाजूला, कॅलेंडर लागणार तिथले तीन नमुने
झाकू का, म्हणाले.
राहू द्या म्हटलं. का, ते मलाही माहीत नाही.

पॅसेज उजळ झाला नाही.
शाल्मलीला फोटो पाठवला,
तिचा प्रश्न आला: रंग कधी लावणार?

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा सेहेचाळीस,
वर्‍हाडपांडे पत्रिका घेऊन आले, भरदुपारी.
डोक्याला पंचा, डोळे मिटत आलेले.
बाहेरच्या पांढऱ्यातून आत पाऊल टाकलं
आणि भिंतीवर हात चाचपत म्हणाले,
"वहिनी, बटन कुठंय?"

असू द्या, म्हटलं. दोन मिनिटं थांबा.
डोळे बसू द्या.

ते थांबले. कुलर घरघरत होता मागच्या खोलीत.
मग त्यांचा हात पट्टीवर आला,
आणि पत्रिका द्यायची विसरून
ते म्हणाले, "अरे,
हे सागवान आहे?"