निदान

मी बादरी, गवंडी. कुताइसीतल्या त्या दवाखान्याच्या
अकरा पायऱ्या माझ्या बापाने बसवल्या.
एकही अजून हललेली नाही
हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

डॉक्टर लामारा त्या रोज चढायच्या.
डावा पाय कॅलिपरमध्ये,
पायरीगणिक लोखंडाचा एक ठोका.
वर पोचल्या की वळून बघायच्या,
खाली कोण राहिलंय.

राहिलेलं असायचंच कुणीतरी.
खुर्चीतला वाझा, मांडीवर अक्रोडांची पिशवी.
किंवा अर्धांग झालेली त्सियाला,
जावयाने गाडीतून उतरवलीच नाही अशी.
मग त्या पुन्हा उतरायच्या, अकरा ठोके,
आणि फूटपाथवरच रक्तदाब मोजायच्या.
फेब्रुवारीत, बर्फ भुरभुरत असताना,
वाझाच्या छातीला लावण्याआधी
स्टेथोस्कोप स्वतःच्या काखेत धरायच्या
थोडा ऊन व्हावा म्हणून.

केसपेपरवर सुवाच्य लिहायच्या
(डॉक्टर असून):
तपासणीचे ठिकाण: रस्ता.
निदान: अकरा पायऱ्या.

असे तीनशे चार कागद
पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून
त्या नगरपालिकेत गेल्या.
तिथेही पायऱ्याच. सतरा.
साहेब म्हणाले, बाई, तुम्ही पायरी सोडून बोलताय.
त्या म्हणाल्या, तेवढ्यासाठीच आलेय.

मला काम मिळालं ते असं.
दोन दिवसांत मी उतार ओतला,
पाहणीपुरता. साहेबांनी फोटो काढून घेतला.
मग त्या आल्या, ॲप्रनच्या खिशातून टेप काढली,
वाकल्या, मोजलं.
एकाला बारा लागतात, बादरी,
तू चारात भागवलंस.
म्हटलं, जागा नाही.
म्हटलं, पैसे कुणी दिलेत.
म्हटलं, काहीच नव्हतं, निदान हे तरी आहे.

त्या वाझाला म्हणाल्या, खुर्ची देतोस घटकाभर?
वाझा कठड्यावर सरकला, अक्रोड फोडत बसला.
खुर्चीत मी.

सिमेंटची पोती वाहिलेले हात माझे.
निम्म्यावर थरथरले.
एक तळवा घसरला
आणि मी उलटा निघालो रस्त्याकडे,
वाझा ओरडला, मी डोळे मिटले.
खण्णकन आवाज झाला.
चाकामागे त्यांनी
कॅलिपरचा पाय घातला होता.

कुणीच काही बोललं नाही.
वाझाने मला एक अक्रोड दिला.

नव्या उताराला एकोणीस दिवस लागले,
दोन वळणं, मध्ये दम खायला सपाट जागा.
त्यासाठी बापाच्या चार पायऱ्या काढाव्या लागल्या.
पहारीला दाद देईनात, इतक्या पक्क्या.
चौथी निघाली तेव्हा मी जरा बाजूला जाऊन
सिगारेट ओढून आलो.

दुसऱ्या कामाचं बिल अजून अडकलंय.
वाझा वर जातो, स्वतःचा स्वतः,
आणि उगीचच दोनदा जातो.

परवा डॉक्टरांचा निरोप आला.
नव्या केसपेपरवर लिहिलंय म्हणे,
निदान: एक्स-रेचं टेबल उंच.
येताना टेप आण.