आधी सुई

डंडीत, टेकडीखालच्या दुकानात
रूरी एफीला समजावतो:
आधी सुई बदला. मग आर्म.
स्पीकर सगळ्यात शेवटी.
खाचेतून जे उचललंच नाही
ते पुढे कोण वाजवणार?

एफी त्याचे ओठ वाचते.
तागाच्या गिरणीत तीस वर्षं
मागांनी तिच्या कानातलं वरचं सगळं
कातरून नेलं: झांजा, 'स',
केटलीची शिट्टी.

पाकिटात तीनशे चाळीस पौंड.
मखमली डबीत तिळाहून बारीक हिरा.
घेते.

घरी फरक? देव जाणे.
ती खुर्ची पुढे ओढते, अजून पुढे,
जुन्या स्पीकरच्या लाकडाला गाल टेकेपर्यंत.
खर्ज दाढेत उतरतो.

गाणारीचे ओठ मात्र
कव्हरावर मिटलेले.