भवानीच्या वेळी

कॉजवेवर माझं टेबल, रीगलकडून येताना सातवं.
पितळी होकायंत्रं, दुर्बिणी, वाळूची घड्याळं,
आणि एक भोंगा, त्याला आम्ही मेलेला म्हणतो,
कारण तो वाजत नाही आणि खपतही नाही.
माल मुरादाबादचा.
मीठ-व्हिनेगर चोळून आठवडाभर ओल्या भुशात पुरला
की शंभर वर्षांनी म्हातारा होऊन निघतो.
सत्तावीस वर्षं मी सांगत आले:
बुडालेल्या बोटीतला आहे, साहेब. हंड्रेड परसेंट.

मग शाल्मलीने तिकीट पाठवलं.
जावई बुलावायोत सोलर पंप बसवतो.
त्यांनी मला धबधबा दाखवला.
छानच होता, भिजलेही.
पण पाण्याशी घासाघीस करता येत नाही,
म्हणून अर्ध्या तासात मी बाजारात.

ओळीने टपऱ्या. लाकडी जिराफ, दगडी पाणघोडे,
मिठी मारून बसलेली जोडपी, काळी कुळकुळीत.
एक जिराफ उचलून नाकाशी नेला.
बुटाचं पॉलिश!
परमुलखात कुणी आपल्या आडनावाचं भेटावं
तसं झालं मला.

टपरीवाल्याचं नाव म्खुलुली.
म्हणताना मी दोनदा अडखळले, तो दोनदा हसला.
जुना आहे का रे?
"आजोबांचा, मामा."
आजोबांच्या जिराफाचा मागचा पाय अजून ओला होता,
माझ्या बोटाला लागला.
"मॉर्निंग प्राइस. पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. लकी."

अरे, ही तर भवानी!
हीच माझी सकाळची ओळ, हाच आवाज मऊ करणं,
नोट हातात पडायच्या आधीच कपाळाकडे निघालेला हात.

मोबाईल काढून माझं टेबल दाखवलं त्याला.
दोन बोटांनी होकायंत्र मोठं करून
बराच वेळ बघत राहिला.
मग हळूच: "काळं कशाने करता?"
शेजारच्या टेबलवाल्या हनीफला आजवर जे सांगितलं नाही
ते त्याला सांगून टाकलं. भुशासकट.

आता तू सांग, म्हटलं, इथलं खरं काय आहे?
त्याने सगळ्या टपरीवर नजर फिरवली
आणि काहीच न सापडल्यासारखं मागे बघितलं.
मागे त्याची बायको मक्याचं पीठ घोटत होती.
तिच्या हातातला लाकडी डाव,
एका बाजूने झिजून नखाएवढा पातळ.

तो विकायचा नाही, ती म्हणाली. जेवायचं कशाने?
पण डोळे माझ्या पिशवीवर.
नारिंगी, कापडी, बंद उसवलेला,
"लग्नाचा बस्ता येथेच बांधा, दादर पश्चिम".
"ओरिजिनल?"
बाई गं, म्हटलं, दोन लग्नांचे नारळ वाहिलेत हिने.

डाव तिने पदराला पुसला.
पदर नव्हता तो, पण पुसणं पदराचंच होतं.
पैशांचं कुणी बोललं नाही.
जिराफही घेतला मी, सांगितल्या किमतीला.
सकाळची भवानी मोडू नये.

जिराफ आता टेबलावर असतो, मेलेल्या भोंग्याशेजारी.
परवा एका गोऱ्या बाईने विचारलं, इथलाच ना?
हंड्रेड परसेंट अगदी जिभेवर आलं होतं.
नाही, म्हटलं.
तिने तो खाली ठेवला, किंमतही न विचारता.
हनीफ दिवसभर हसत होता.

डाव घरी, माझगावात.
पिठलं त्यानेच घोटते.
पहिल्याच दिवशी कळलं, झिज उलटी आहे.
म्हणजे ती डावखुरी.
टपरीवर उभी असताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं,
सगळं लक्ष खऱ्या-खोट्यात.
माझा हात उजवा, डावाची धार डावी,
कढईच्या एका बाजूला रोज थोडं लागतं.
मुलगा म्हणतो, आई, नवीन घे, शंभर रुपयांत मिळतो.
खरवडलेलं मी माझ्याच ताटात वाढून घेते.