पुठ्ठ्यातली भोकं

वर्गात एक तक्ता आहे,
डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला तो मीच शिकवते :
मानवी विकासाच्या अवस्था, खालून वर.
पहिल्या पायरीवर रांगतं बाळ,
शेवटच्या पायरीवर कोट घातलेला एक गृहस्थ.
त्याच्यापुढं पायरी नाही, तक्त्याची लाकडी पट्टी आहे.

शुक्रवारी शेवटच्या बाकावरून शहनूर बागवान म्हणाली,
"मॅडम, यात माझ्या आजीनं कुठं उभं राहायचं?"
वर्ग हसला.
एप्रिलचं सोलापूर, डोक्यावर पंखा,
तोच तेवढा काहीतरी बोलत राहिला.

पुण्याला शिकायला गेले तेव्हा
पहिल्या सहा महिन्यांत जिने पाडायला शिकले.
कुठलाही जिना दाखवा :
कुणाच्या पावलाच्या मापानं बांधला,
विटा देत खाली कोण राहिलं.
दिवाळीला घरी आले ती हातोडा घेऊनच.

नायना पुठ्ठ्यांच्या ढिगात बसलेले.
मल्लेशम गाजूल, जेकार्डची कार्डं पंच करणारे,
लाल पावतीपुस्तकवाले.
इतिहासावर त्यांचा भरवसा मिलच्या भोंग्याइतका :
आधी हे, मग ते, मग आपलं राज्य.
भोंगा बंद पडून वर्षं झाली
तरी पहाटे उठायचे
आणि खाटेवर बसून राहायचे जरा वेळ,
कान देऊन.

मी म्हणाले, नायना,
सगळ्या मोठ्या गोष्टी थापा असतात.
बावीस वर्षांची होते. जिभेला धार होती.

ते रागावले नाहीत. दोन कार्डं उजेडाला धरली.
एक कोरं. एक चाळणीसारखं, भोकंच भोकं.
"या कोऱ्यावर सुई आपटते, धागा उठत नाही.
यातून साऱ्या सुया जातात, सारे धागे उठतात.
मोर दोन्हीत नाही, पोरी."

"पण भोक कुठं पाडायचं, हे कोण ठरवतं?"

"शेठचा डिझायनर," म्हणाले,
आणि खोकला येईपर्यंत हसले.
"तेवढं तुझं बरोबर आहे."

नंतर आम्ही दोघांनी शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली.
भांडण तिथंच राहिलं,
ताटाशेजारी, तांब्यासारखं.

आता भावाची चिन्नी.
ती रांगलीच नाही.
बुडावर सरकत सगळं घर हिंडली,
माझ्या तक्त्याची एक पायरी सरळ गाळून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं काही मुलांचं.
काही मुलांचं.
पुण्यातली माझी दोन वर्षं
या दोन शब्दांत बसली असती.

आणि काल, रविवारी,
ती चौकट धरून उभी राहिली
तेव्हा मी, जिने पाडणारी,
क्षणात चार फुटांवर उकिडवी बसले,
दोन्ही हात पसरून.

कशाच्या जोरावर?
माणसं चालतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.
मला माहीत होतं.
माहीत म्हणजे, आजवरच्या सगळ्या पोरांकडून
उसनं आणलेलं.
परत मागितलं तर द्यावं लागेल असं.
म्हणून हात पसरले, पण ओढले नाहीत.

ती निघाली.
एक, दोन, तिसऱ्या पावलाला वळली
आणि माझ्याकडं पाठ करून
धप्पकन बसली अम्माच्या सुपात.
सातशे चाळीस विड्या झाल्या होत्या.
तंबाखू, दोरा, तेंदूची पानं, मधोमध चिन्नी,
शेवटच्या पायरीवरच्या गृहस्थासारखी
स्वतःवर खूश.

शहनूरला उत्तर आज द्यायचंय.
अजून जमलेलं नाही.
नायनांचा पंच तेवढा पर्समध्ये टाकलाय,
तक्ता जाड पुठ्ठ्याचा आहे.

अम्मानं काल लाडाची एक तेलुगू शिवी हासडली,
पोरीला कडेवर घेतलं, सूप झटकलं.
मोडक्या बाजूला, धड बाजूला.
आणि मोजायला लागली
पहिल्यापासून :
ओकटी, रेंडू, मूडू...