बघण्याचा कार्यक्रम

घणसोलीच्या शाळेमागचं मैदान, सकाळचे सव्वासात.
खाडीकडून खारट, जरा कुजकट वारा.
नेट एका बाजूने सैल होती, शिपायाने ती
खांबाला नायलॉनच्या दोरीने आवळली आहे,
होडी बांधतात त्या गाठीने.

मी कॉलेजकडून आलोय. सेटर हवाय.
सहा मुलं, एक वही आणि रकाने:
उंची, उडी, बोटं, पाय.
शेवटचा रकाना पुढल्या तीन वर्षांसाठी.
त्याला नाव काय द्यावं
हे अठरा वर्षांत मला सुचलेलं नाही.

मारणारा ओळखायला वही लागत नाही.
चेंडू आपटतो, पत्र्यावरची कबुतरं उडतात, झालं.
सेटरचं उलटं. त्याने काम चोख केलं
की टाळ्या दुसऱ्याला पडतात.
म्हणून टाळ्या वाजत असताना
मी भलतीकडेच बघत असतो.

ओजस राऊळ, सेक्टर सात.
पाच फूट अकरा, बूट कोरे.
वडील मोबाइल पुढे करतात: हा बघा सर, नाशिकचा सामना.
मोबाइलमध्ये एकही पास वाईट येत नाही.
मी मान डोलावतो. मुलीकडच्यांनी
भरतकाम दाखवलं की डोलवावी तशी.
पोरगा खरंच चांगला आहे, बोटं लोण्यासारखी.
फक्त चेंडू सोडण्याआधी, निमिषभर,
ज्याला द्यायचा त्याच्याकडे बघतो,
आणि नेटपलीकडचे दोघंही मग तिकडेच बघतात.

तनुज तांडेल, दिवाळे गाव.
पाच फूट साडेसात.
टेप मी दोनदा लावली,
जणू तेवढ्यात वाढणार होता.
पास वाईट आला. मीच तसा द्यायला सांगितला होता,
खांबाच्या बाहेर, गुडघ्याएवढा.
तो धावताना दिसला नाही, तिथे दिसला.
"माझा," म्हणाला, हळूच,
आणि पाठीमागे, न बघता, चेंडू ठेवला.
ठेवलाच. मांडणीवर तांब्या ठेवतात तसा.

मारणाऱ्याने तो थेट कुंपणाबाहेर घालवला.
तनुजने हात वर केला: माझी चूक.
त्याची नव्हती.

दोन हजार चौदात मी एक सव्वासहा फुटी उचलला होता,
कौस्तुभ घरत. सगळे रकाने भरलेले,
प्राचार्यांनी वही बंद करून माझी पाठ थोपटलेली.
पाचव्या सेटला, चौदा-चौदावर,
त्याचे हात ओल्या गोणपाटासारखे जड झाले.
हल्ली उरणकडे एका यार्डाच्या फाटकावर
कंटेनरचे नंबर टिपतो.
दिसलो की हाक मारतो, चहा पाजतो.
आता वही त्याच्या हातात असते.
त्या सामन्याचं मी काढत नाही. तोही नाही.

जागा एक. फी माफ एकाची. होस्टेल नाही.
आणि कागदावर उंचीइतकं काहीच टिकत नाही.

बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतणाऱ्या तनुजला
मी विचारतो, हात कशाला वर केलास?
चूक कुठे होती तुझी?
तो अंगठ्याने माती उकरतो.
"सर, त्याला फुडचा बॉल पन मारायचा होता ना."

ओजसचे वडील गाडी वळवून काच खाली करतात:
कधी कळेल?
कळवतो, मी म्हणतो.
बघून गेलेले सगळे म्हणतात तेच.

शिपाई नेट सोडतोय, गाठ त्याचीच, सुटत नाही.
उन्हं पत्र्यावर आली. कबुतरं परत बसली.
मी वही मांडीवर घेतो.
तांडेल, तनुज. उंचीच्या रकान्यात लिहितो:
पाच फूट आठ.

अर्धा इंच माझ्याकडून.